वाफेचं घर, पाण्याचं घर

भाचीने वुस्टरला घेतलेलं घर शंभरीला टेकलेलं आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे शहर. हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज उतरतो. दुमजली लाकडी घर, तळघरात बॉयलर आणि खोल्याखोल्यांत खिडकीखाली खोली तापवणारा बिडाचा एकेक जाडजूड रेडिएटर. या रेडिएटरांत पाणी फिरत नाही, वाफ येते. पहिल्याच थंडीत तिचा फोन आला. "मामा, पाइप रात्रभर वाजलालेत. वरची एक खोली थंडगार, अन् दुसरीत खिडकी उघडावी लागलालीय. इथला मिस्त्री म्हणलालाय, वाफेचं सगळं जुनं झालं, बॉयलर काढा आणि गरम पाण्याचा बसवा. पाइप अन् रेडिएटर आहेत तेच चालतील म्हणतोय."

तिला मामा आठवला, कारण मामाची सगळी नोकरी लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. फायरमन म्हणून लागलो, परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झालो, पाळी सांभाळली. घर गरम करण्याचा मात्र आपल्या मुलखाला अनुभव नाही. परभणीचा पारा पाच अंशांखाली गेला की ती पहिल्या पानाची बातमी होते, तेवढे दोन-चार दिवस शेकोटी पेटते आणि मग आठ महिने ऊन. पण वाफ ती वाफ. लातूरला तिचा जो स्वभाव, तोच वुस्टरला. आणि त्या मिस्त्रीच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य, "आहेत तेच चालतील", मला काही केल्या पटेना. जुनं काढून नवं बसवण्याला माझा विरोध नव्हता. जुनं काय आहे हे न बघताच ते काढायला निघाले होते, त्याला होता.

वाफ म्हटलं की माणसाला दाब आठवतो. कारखान्यातही नवखा पोरगा आला की आधी गेजकडे, दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघतो. जुन्या कारखान्यांत एकवीस किलोचे बॉयलर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एकवीस किलो दाबाचे, मग पंचेचाळीसचे आले, सहवीजनिर्मिती सुरू झाल्यावर सदुसष्ट, सत्त्याऐंशी, एकशेदहा किलोपर्यंत गेले. पण हा सगळा दाब टर्बाइन फिरवण्यासाठी. उसाचा रस आटतो तो टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या, दम गेलेल्या वाफेवर, जिचा दाब किलो-दीड किलोच्या आसपास असतो. तिच्यात जोर उरलेला नसतो, उष्णता मात्र जवळपास सगळी शिल्लक असते. ती उष्णता कुठे असते, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. एक किलो पाणी वीस अंशांवरून शंभरावर न्यायला ऐंशी किलोकॅलरी पुरतात. तेच पाणी शंभर अंशांवरच ठेवून त्याची वाफ करायला आणखी पाचशे चाळीस लागतात. तापमापी जागची हलत नाही आणि पाचशे चाळीस किलोकॅलरी आत जाऊन बसतात. वाफ थंड पृष्ठभागाला लागून पुन्हा पाणी झाली की त्या सगळ्या परत मिळतात. नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकन इंजिनिअरने १८४० च्या दशकात याच जोरावर एका भांड्यातल्या रसाच्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस उकळून दाखवला. आपल्या प्रत्येक साखर कारखान्यातला रस आटवणारा इव्हॅपोरेटर त्याच्या डोक्यातून आलेला आहे आणि गळीत हंगामाच्या भाषणांत त्याचं नाव कधी निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घर तापवणारी वाफ याच जातीची. मी भाचीला गेज दाखवायला सांगितलं. अशा घरगुती यंत्रणेला चौरस इंचाला दोन पौंडांच्या आतला दाब पुरतो, आपल्या हिशेबात पाव किलोसुद्धा नाही. पंप नाही, मोटर नाही. बॉयलरमध्ये पाणी उकळलं की त्याची साधारण सोळाशे पट जागा व्यापणारी वाफ होते आणि ती स्वतःच्या पायांनी वर चढते. पाइपात आधी हवा भरलेली असते. रेडिएटरच्या कडेला बोटाएवढी व्हेंट असते, तिच्यातून ती हवा सूं सूं करत बाहेर जाते, मागून वाफ पोचते, उष्णता लागली की व्हेंट आपोआप बंद होते. वाफ बिडाला उष्णता देऊन पाणी होते आणि भाचीच्या घरात तर ते पाणी ज्या पाइपातून वाफ वर आली त्याच पाइपातून उतारावर घरंगळत खाली जातं. एकच पाइप, वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी. हे जमवायला पाइप जाड लागतो आणि उतार बिनचूक लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या फिटरने लेव्हल लावून हा उतार काढला त्याला मी मनातून नमस्कार केला. त्याने नकाशा मागे ठेवला नाही, पण त्याचं सगळं म्हणणं पाइपांत लिहिलेलं आहे.

तळघराचा व्हिडिओ बघताना बॉयलरच्या बाजूला एक वळण दिसलं, आणि मी तिला तिथेच थांबायला सांगितलं. परतीचा पाइप बॉयलरच्या तळाशी सरळ न जोडता वर, पाण्याच्या पातळीच्या जरासा खाली नेऊन जोडला होता. याला हार्टफर्ड लूप म्हणतात. बॉयलरचा विमा उतरवणारी हार्टफर्डची एक कंपनी १८६६ साली निघाली, तिने १९१९ च्या सुमारास या जोडणीचा आग्रह धरला म्हणून हे नाव. परतीचा पाइप कुठे फुटला तर सरळ जोडणीत बॉयलरमधलं सगळं पाणी निघून जातं आणि खाली जाळ चालूच राहतो. बॉयलरवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की गेज ग्लासमधलं, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी नजरेआड होऊ द्यायचं नाही. कोरड्या तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडलं तर माणसं मरतात. हा लूप असला की गळती झाली तरी ठराविक पातळीखाली पाणी जात नाही. बसवणारा जाणकार होता, हे मला तेव्हाच कळलं.

आता यात वाफेऐवजी पाणी घालायचं म्हणजे काय काय बदलतं ते बघा. एक किलो वाफ पाणी होताना पाचशे चाळीस किलोकॅलरी देते. एक किलो गरम पाणी रेडिएटरमधून फिरून अकरा अंशांनी थंड झालं तर अकरा देतं. तेवढीच उष्णता पोचवायला जवळपास पन्नास पट वजनाचं पाणी फिरवावं लागणार. म्हणजे पंप आला, आणि पाणी जायला एक वाट, यायला दुसरी. भाचीच्या घरी एकच पाइप आहे. भिंती फोडून दुसरा घातल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि जुना जाड पाइप पाण्याला नुसता बोजा.

मग दाब. वाफेच्या यंत्रणेत पाणी फक्त तळघरात असतं, वरचे पाइप एरवी रिकामे. पाण्याच्या यंत्रणेत वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या रेडिएटरपर्यंत पाणी कायम भरलेलं. दुमजली घराला बारा पौंड दाब लागतो, वाफेच्या निदान सहापट. शंभर वर्षांचे आटे आणि जोड, जे दोन पौंडांच्या हिशेबाने बसवलेले आहेत, त्यांच्यावर हा भार येतो. वाफेला जी बारीक गळती कधी दिसली नाही ती छताला ओल देऊन दिसायला लागते. आणि ऐन थंडीत वीज गेली, पंप थांबला आणि घर गोठलं, तर भरलेले पाइप फुटतात.

रेडिएटरचंही तसंच. बिडाचे भाग एकमेकांना कुठे जोडलेत ते बघायला तिला टॉर्च घेऊन बसवलं. काही जुने रेडिएटर फक्त वाफेसाठी ओतलेले असतात, त्यांचे भाग खालीच जोडलेले. त्यात पाणी भरलं तर प्रत्येक भागाच्या डोक्यावर हवा अडकते आणि ती एका भागातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, अर्धा रेडिएटर थंड राहतो. वर-खाली दोन्हीकडे जोड असेल तर पाणी चालतं. तिच्याकडे बहुतेक दोन्हीकडे जोडलेले निघाले, पण बैठकीतला आणि जिन्याजवळचा नाही. मिस्त्रीने हे वाकून बघितलंच नव्हतं.

उष्णतेचा हिशेब तर मी तिला वहीवर करायला लावला. तीन कॉलमचा, म्हणजे तीन उभ्या नळ्यांचा, अडतीस इंच उंचीचा एक भाग पाच चौरस फुटांचा धरतात. असे दहा भाग म्हणजे पन्नास. वाफेवर दर चौरस फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णता मोजायचं तिकडचं एकक), म्हणजे एकूण १२,०००. आपल्याकडच्या एक टनी एसीचा आकडा हाच, तो उष्णता बाहेर काढतो, हा आत घालतो. त्याच रेडिएटरमध्ये सरासरी ७७ अंशांचं पाणी फिरवलं तर चौरस फुटाला १५०, एकूण ७,५००. खोलीला पुरेल का? कदाचित पुरेल. १९१८ च्या फ्लूच्या साथीनंतर तिकडे भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह होता आणि रेडिएटर त्या हिशेबाने मोठे बसवले गेले. आता खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत, भिंतींत कापूस भरलाय. पण "कदाचित" वर घर तापत नाही. खोलीखोलीतून होणारी उष्णतेची गळती मोजावी लागते, आणि मिस्त्रीच्या अंदाजपत्रकात त्या मोजणीची एक ओळ नव्हती.

इतकं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी जुन्याचा भक्त आहे. नाही. माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली तेव्हा माणसं मारली ती आमच्या जुन्या घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती. उन्हाळ्यात त्या घरात शिरलं की अंग निवायचं, म्हणून पिढ्या न् पिढ्या त्यावर आणखी माती चढत गेली. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसता भराव. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. धक्का बसला आणि थर दोन्हीकडे फुटून माळवद खाली आलं. हजारो माणसं झोपेत गेली. त्यामुळे "जुनं ते सोनं" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पण पुढे जे झालं तेही मी बघितलं. जी गावं पडली नव्हती, तिथे जुन्याच घरांच्या भिंतीत आरपार दगड घातले गेले, वर पट्टा बांधला, माळवदाची माती उतरवून हलकी केली. ती घरं थंड राहिली आणि भक्कमही झाली. घर कशाने पडतं हे ज्यांना कळलं, त्यांनाच ते करता आलं. भाचीच्या तळघराकडे मी त्याच नजरेने बघत होतो. हे बिघडलंय ते नेमकं कशाने?

आणि पाण्याच्या बाजूने मी बोललेलो आहे. निवृत्तीनंतर आमच्याकडच्या एका छोट्या दूध संकलन केंद्रावर सल्ला द्यायला गेलो होतो. तिथे लहान वाफेचा बॉयलर होता. दूध पाश्चराइझ करायला ७२ अंश आणि १५ सेकंद लागतात, कॅन आणि पाइप धुवायला ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचं पाणी. वाफेचं तिथे दुसरं काहीच काम नव्हतं. ती तयार व्हायची ती पाणी तापवण्यासाठीच, आणि वाटेत निम्मी उघड्या पाइपांवर आणि गळक्या ट्रॅपवर (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा भाग) जायची. मी सांगितलं, बॉयलर काढा, गरम पाण्याचा जनरेटर बसवा. शंभर अंशांच्या खाली पाणी तापवणारं भांडं आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येतही येत नाही, १९२३ च्या जुन्या कायद्यात ते तसं होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही आहे. पाइप नवे घातले, परतीची लाइन घातली, मग पाणी सोडलं. आजही उत्तम चाललंय. तिथे काम पाण्याचं होतं.

घर तापवायलाही पाणी अनेक अर्थांनी चांगलंच आहे, हे मी भाचीपासून लपवलं नाही. आवाज नाही. खोलीगणिक तापमान ठेवता येतं. बाहेर थंडी कमी असेल तर पाणी पन्नास अंशांवरही फिरवता येतं, वाफेला शंभराशिवाय चालत नाही. परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं की नवे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या बाष्पाचीही उष्णता काढून घेतात आणि कार्यक्षमतेत नव्वद टक्क्यांच्या पुढे जातात, वाफेचा चांगला बॉयलर ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबतो. बंद यंत्रणेत एकदा भरलेलं पाणी आत राहतं, त्यातला प्राणवायू संपला की गंज थांबतो. वाफेची यंत्रणा दर वेळी बाहेरची हवा आत ओढते. कुणी पाया खणून घर बांधत असेल तर त्याला मी आज पाणीच सांगेन.

पण तिचं घर उभं होतं आणि वाजत होतं. म्हणून आधी वाजणं. पाइपात कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचतं, वरून वेगाने वाफ येते, ते पाणी उचलून पुढच्या एल्बोवर, म्हणजे वळणावर आदळते. आम्ही याला वॉटर हॅमर म्हणतो. कारखान्यात मुख्य लाइन चार्ज करताना, म्हणजे तिच्यात वाफ सोडताना, आधी सगळे ड्रेन उघडायचे, व्हॉल्व्ह पाव फेरा उघडून थांबायचं, पाइप तापू द्यायचा, मग पुढे. घाई केलेल्या लाइनचे फ्लँज, म्हणजे पाइपांचे जोड फुटताना मी बघितलेत. भाचीने तळघरातल्या पाइपाला लेव्हल लावत लावत झोळ शोधून काढला. आधीच्या मालकाने कपाट बसवताना पाइप टांगून धरणारा एक हँगर काढून टाकला होता. वरच्या मजल्यावरचा एक रेडिएटर व्हॉल्व्हकडे उताराला असायला हवा तो उलटा कललेला होता, त्याच्या पायाखाली लाकडाच्या पट्ट्या सरकवल्या. त्याचा व्हॉल्व्हही कुणी अर्धवट फिरवून ठेवला होता. एका पाइपाच्या यंत्रणेत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही, नाहीतर पाणी खाली येऊ शकत नाही.

वर थंडी राहण्याचं सगळ्यात मोठं कारण पुढे सापडलं. अशा जुन्या पाइपांवर तिकडे अस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण असतं. ते घातक, ते काढलं हे योग्यच केलं. पण काढल्यावर त्या जागी काहीच घातलं नव्हतं. तळघरभर उघडा पाइप, म्हणजे वाफ वर पोचायच्या आधीच तळघरात पाणी होतेय. गॅस जळतोय, तळघर ऊबदार, माणसं वर कुडकुडतायत. इंचभर जाडीचं फायबरग्लासचं लॅगिंग चढवलं. मुख्य पाइपाच्या टोकाची मोठी व्हेंट रंगाने बुजली होती, ती बदलली. कंट्रोलवर दाब कुणीतरी पाच पौंडांच्या वर लावून ठेवला होता, थंड खोलीला जास्त दाब हवा या समजुतीने. तो दीडवर आणला. मिस्त्री दुसरा शोधला, वाफेचं काम करणारा एक म्हातारा फिटर, आणि त्याने तिच्या मोबाइलवरून माझ्याशी बोलून घेतलं. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळलं, पण लेव्हल कुठे लावायची यावर आमचं लगेच जमलं.

पाइप आता वाजत नाहीत. वरची खोली तापते. बॉयलर मात्र म्हातारा झालाय, येत्या उन्हाळ्यात बदलावा लागणार, आणि तो वाफेचाच घ्यायचा असं तिचं ठरलंय. वाफेचा बॉयलर घराच्या उष्णतेच्या गळतीवर निवडत नाहीत, जोडलेल्या रेडिएटरांच्या बेरजेवर निवडतात. लहान पडला तर शेवटच्या रेडिएटरला वाफ पोचत नाही, मोठा घेतला तर तो दाब गाठून सारखा बंद-चालू होत राहतो. मागच्या अंगाला नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर आहे, तिथे अजून विजेचे हीटर जळतात. तिथे पाणी न्यायचं: बॉयलरमधलं पाण्याच्या पातळीखालचं गरम पाणी छोट्या पंपाने प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघराच्या नव्या पाइपांत स्वच्छ पाण्याचा बंद फेरा ठेवायचा. एकाच जाळावर वरच्या खोल्यांना वाफ आणि स्वयंपाकघराला पाणी. म्हाताऱ्या फिटरने असं केलेलं आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

सध्या ती आणि तिची लेक टेप घेऊन घरभर रेडिएटर मोजतायत: किती भाग, भागाला किती कॉलम, उंची किती इंच. बैठकीतल्याची उंची दोघींच्या मापात वेगळी आली, म्हणून मी फोटो मागवलाय, टेप जमिनीला टेकवून धरलेला. तेवढा आला की बेरीज पुरी होईल.